सेझानच्या टेबलाची कड जुळत का नाही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे. वस्तुचित्राच्या सरावात लोट्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ चुकले की तिचे सर ते खोडून पुन्हा काढायला लावतात आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मात्र गेल्या रविवारी पाश्चात्त्य चित्रकलेवरील एक पुस्तक चाळताना पॉल सेझान यांचे सुमारे १८९३ सालचे, सफरचंदांच्या टोपलीचे चित्र समोर आले. त्यात कापडाच्या डावीकडे दिसणारी टेबलाची कड उजवीकडच्या कडेशी जुळत नाही आणि बाटलीही एका बाजूला कललेली आहे. "बाबा, यांना किती मार्क मिळाले असते?" असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झालो. राजा रविवर्मा मला समजतात, मोनेपर्यंतही मी कसाबसा पोहोचतो. पण तेथून पिकासोपर्यंत चित्रकला कोणत्या वाटेने गेली, हे कोणी सांगू शकेल का? चित्रकलेतल्या निरनिराळ्या वादांची (इझम) यादी नको, ती पुस्तकात आहेच.

प्रतिसाद १ (निवृत्त कलाशिक्षक, नेरूळ)

मार्कांचे विचारलेत म्हणून प्रांजळपणे सांगतो, मी परीक्षक असतो तर मार्क कापले असते. परीक्षेतले वस्तुचित्र एक गोष्ट गृहीत धरते: पाहणारा एकाच जागी बसलेला आहे, त्याची मान हलत नाही आणि तो जणू एकाच डोळ्याने पाहतो आहे. यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्ह) हे गणित पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये पक्के झाले आणि पुढची चारशे वर्षे युरोपातील चित्रकारांनी ते प्रमाण मानले. परंतु टेबलासमोर तासन्‌तास बसणारा माणूस कधी पुढे वाकतो, कधी मागे रेलतो, आणि प्रत्येक वेळी टेबलाची कड त्याला थोडी वर किंवा खाली दिसते. सेझान यांनी ही वेगवेगळी दर्शने एकाच कॅनव्हासवर राहू दिली.

आता त्या चित्रातली बाटली बोटाने झाकून पाहा. पुढे कललेली टोपली आणि तिच्यातून सांडलेली फळे लगेच घरंगळतील की काय असे वाटू लागते. बोट काढले की सारे पुन्हा सावरते. चूक दुरुस्त केली असती तर हा तोल गेला असता.

सेझान १९०६ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. १९०८ मध्ये जॉर्ज ब्राक यांनी लेस्ताक या गावी, जेथे सेझान यांनी पूर्वी चित्रे काढली होती, तेथील घरे रंगवली. त्या घरांना दारेखिडक्या जवळजवळ नाहीतच, नुसते ठोकळे एकमेकांवर रचलेले आहेत. लुई व्होसेल या समीक्षकाने ठोकळ्यांवरून केलेल्या शेरेबाजीतून घनवाद (क्युबिझम) हे नाव रूढ झाले, आणि ब्राक यांच्यासोबत तो घडवणारे पिकासोच. तुमची वाट मला तरी या टेबलावरूनच पिकासोपर्यंत जाताना दिसते.

प्रतिसाद २ (वाशी)

सरांचे म्हणणे मान्य आहे. एक जोड देतो, कारण अशा चर्चेत कोणी ना कोणी "कॅमेरा आला आणि चित्रकारांचे काम संपले" असे म्हणतोच. १८३९ मध्ये छायाचित्रण जाहीर झाल्यानंतरही हुबेहूब चित्रांना कित्येक दशके उत्तम मागणी होती. माझ्या मते रंगाच्या ट्यूबकडे अधिक लक्ष द्यायला हवे. १८४१ मध्ये जॉन रँड यांनी दाबून रंग काढण्याच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. ट्यूबमुळे उघड्यावर बसून रंगवणे सोपे झाले. मोने यांनी ल हाव्र बंदरातला सूर्योदय रंगवला आणि १८७४ च्या ज्या प्रदर्शनात तो लागला, त्यातूनच दृक्प्रत्ययवादाला (इम्प्रेशनिझम) नाव मिळाले. ते प्रदर्शन भरले होते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, त्यामुळे कॅमेऱ्याशी वैर होते असेही म्हणवत नाही.

ही वाट आपल्याकडेही आली आहे. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह सय्यद हैदर रझा होते. रझा यांना १९४८ मध्ये काश्मीरमध्ये भेटलेल्या आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी सल्ला दिला, की चित्रांत बांधणी कमी आहे, सेझानचा अभ्यास करा. सल्ला देणारा पुन्हा छायाचित्रकारच! रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला उतरून काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मुलीला अवश्य न्या; पुस्तकातल्या छपाईत रंगाचा थर दिसत नाही.

प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

दोघांचेही आभार. काल संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चहाची किटली आणि चार पेरू मांडले, पेरूंखाली ओट्याच्या कडेवरून लोंबेल असा एक पंचा पसरला. पंच्याच्या डावीकडचा भाग मुलीने स्टुलावर बसून काढला आणि उजवीकडचा उभे राहून. पंच्याच्या दोन्ही बाजूंना ओट्याची कड बोटभर वरखाली आली. पंच्याने मधला सांधा झाकल्यामुळे ते आधी कोणाच्या लक्षातही आले नाही. कड दाखवल्यावर ती बराच वेळ हसली आणि नंतर सोमवारी सर वही तपासतात म्हणून तिने उजवीकडची रेघ खोडरबराने पुसून डावीकडच्या रेघेशी जुळवून घेतली. पेरू मात्र तसेच ठेवले आहेत.