सगळं खापर मंदीवर नको

अमेरिकेतल्या 1958 च्या मंदीने क्रायस्लर कंपनीची डिसोटो ही मोटार बुडवली असं म्हणतात, ते अर्धंच खरं. 1957 ला लाखाच्या वर गाड्या बनल्या आणि पुढच्याच वर्षी निम्म्याही नाहीत, हे बरोबर. पण मंदी सगळ्यांनाच होती. क्रायस्लरचीच डॉज तगली, डिसोटो का नाही? कारण क्रायस्लरने घरातच भावंडांची भाऊबंदकी लावून दिली होती. डॉज किमतीत वर सरकत गेली, कंपनीच्याच नावाची महागडी क्रायस्लर गाडी खाली उतरत आली, आणि मधली डिसोटो चेंगरली. त्यात क्रायस्लर न्यूपोर्ट हे मॉडेल 3000 डॉलरच्या आत आणलं. तेवढ्या पैशात थोरल्या घराण्याचं नाव मिळत असेल तर डिसोटो कोण घेईल? 1961 चं मॉडेल बाजारात येऊन दोन महिने होत नाहीत तोच, 30 नोव्हेंबर 1960 ला डिसोटोचा गाशा गुंडाळला. ज्यांनी नव्या गाड्या भरून ठेवल्या त्या डीलरांचं काय झालं असेल!

एअरफ्लो या वारा कापणाऱ्या नव्या आकाराच्या गाडीचा विषय सहसा कुणी काढत नाही. 1934 मध्ये क्रायस्लरने स्वतःकडे जुन्या धाटणीची गाडीही ठेवली, डिसोटोच्या गळ्यात मात्र फक्त एअरफ्लो मारली. म्हणजे प्रयोग फसला तर भुर्दंड कोणाला, हे तेव्हाच ठरलेलं.

आणि निर्यातीची 'डिसोटो डिप्लोमॅट' ही बहुतेक वर्षं मुळात क्रायस्लरचीच स्वस्तातली प्लिमथ, पुढे तेवढी डिसोटोची दात विचकणारी जाळी. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत डिसोटो दिसली तर आधी ते तपासा.