शिबा इनू फ्लॅटमध्ये पाळणं योग्य आहे का?

रानवाट: टोकियोत स्थायिक झालेलं ओळखीतलं एक मराठी जोडपं शिबा घेतंय. दोघंही दिवसभर ऑफिसात. माझा ठाम विरोध आहे. मध्य जपानच्या डोंगरांत झुडपांत घुसून पक्षी उठवणारा हा शिकारी कुत्रा. 1936 साली जपानने त्याला नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं. त्याला बंद दाराआड दिवस काढायला लावायचे?

शेपटीवाला: नर जेमतेम 40 सेंमी उंच, वजन दहा किलोच्या आसपास. अंग चाटून स्वच्छ राहतो, उगाच भुंकत नाही. फ्लॅटला याहून सोयीचा कुत्रा कुठला? जपानच्याच दुसऱ्या जाती बघा: अकिता अस्वलाच्या शिकारीचा, किशू रानडुकराच्या. ते घेत असते तर मीही नको म्हटलं असतं. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली उपासमार आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा साथीचा रोग यांनी शिबा संपतच आला होता. माणसांनी जीव लावला म्हणून टिकला.

रानवाट: टिकला तो डोंगराळ भागांत उरलेल्या कुत्र्यांपासून पैदास केली म्हणून. ती शिकारी वृत्ती रक्तात आहेच.

नागानोकर: आमच्याकडे शिबा आहे. घर किती मोठं, यावर फारसं काही अडत नाही. त्याला बाहेर कोण नेणार, यावर सगळं अडतं. बरेच शिबा घरात शू करतच नाहीत. आमचा तर वादळी पावसातही दाराशी उभा राहतो, सकाळ-संध्याकाळ. रस्त्यात मांजर दिसलं की कान पाडून, मान मागे खेचून गळपट्ट्यातून डोकं सोडवतो. जाड मानेमुळे पट्टा सरकतो, म्हणून अंगात घट्ट बसणारा हार्नेस हवाच. मोकळा तर कधीच सोडू नका, हाका मारून परत येत नाही. वसंतात आणि शरदात आतली लोकर पुंजक्यांनी गळते, तेव्हा रोज विंचरावं लागतं. पंजे सारखे चाटून तिथले केस तांबूस झाले, तर त्वचेची अ‍ॅलर्जी असू शकते, व्हेटला दाखवा. या जातीत ती बरीच आढळते.

शेपटीवाला: म्हणजे वेळ दिला तर फ्लॅटमध्ये जमतं. मी तेच म्हणतोय.

रानवाट: तरुणपणी जमेल. म्हातारपणाचं काय? शिबांमध्ये उतारवयात स्मृतिभ्रंश बराच दिसतो. कुत्रा रात्रभर गोल गोल फिरतो, ओरडतो. तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रार केली, तर घर बदलायची तयारी आहे का, हे त्या जोडप्याला पिल्लू आणण्याआधी विचारा.