फुकेतच्या जुन्या गावातला रविवार: तुमचेही अनुभव लिहा

कुरकुरीत_कड
काल सकाळी घावनाचं पीठ चुकून जरा जास्तच पातळ झालं. कडेला जाळी पडून कुरकुरीत, मध्ये मऊ. लेक म्हणाली, "आई, हे तर त्या बाजारातलं आपोंग!" झालं. चहा गार होईपर्यंत मी थायलंडात, फुकेतच्या थलांग रस्त्यावर.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बरोबर सासूबाई. वय ७१, गुडघे त्याहून जुने. समुद्र बघून झाला होता ("आमच्या गुहागरला काय कमी आहे?" दिवसातून तीनदा), म्हणून रविवारी संध्याकाळी जुन्या गावात गेलो. चार वाजल्यापासून थलांग रस्त्यावर गाड्या बंद आणि बाजार सुरू. लार्ड याय म्हणतात, म्हणजे मोठा बाजार. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, तोंडाशी अरुंद, आत लांबच लांब, खाली दुकान वर बिऱ्हाड. कथिलाच्या खाणींवर पैसा केलेल्या चिनी घराण्यांची. शेजारच्या रस्त्याचं नावच दिबुक, म्हणजे कथील! प्रत्येक घरापुढे कमानींची पडवी, एकीतून दुसरीत जाणारी, पाऊस आला तरी कोरडं चालता यावं म्हणून.

तर सासूबाई अशाच एका पडवीत बंद दाराच्या उंबऱ्यावर टेकल्या. खाली लाल-हिरवी नक्षीची फरशी. त्यांच्या माहेरच्या देवघरात अगदी अशीच होती म्हणे. तेवढ्यात दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. मला वाटलं, आता उठवणार. ती आत गेली, लाल प्लास्टिकची दोन स्टुलं घेऊन आली, एकावर यांना बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसली. आम्ही बाजार फिरून आलो तर दोघींच्या गप्पा चालू. एक मराठीत, दुसरी थाई की चिनी कशात तरी. मध्ये हिरव्या मलमाची डबी उघडी आणि दोघी आपापला गुडघा चोळतायत.

"काय बोललात एवढं?"
"काही नाही. तिची सूनही रविवारची घरात नसते."

समोरच कोळशाच्या शेगडीवर छोट्या छोट्या कढया मांडून एक बाई आपोंग घालत होती. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, वर झाकण, मग अलगद सोडवून गुंडाळी. सासूबाईंनी चार खाल्ली.

तुमचे थायलंडच्या जुन्या गावांतले असे अनुभव असतील तर लिहा. बीच नकोत, त्यांचे पन्नास धागे आहेत.

रिकामटेकडी
तिची सूनही रविवारची घरात नसते 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले.

दोन_घास
मस्त लिहिलंय. पण ताई, आपोंगात अंड्याचा बलक असतो ना? आम्ही विचारून घेतलं होतं.

कुरकुरीत_कड
हळू बोला हो!! सासूबाईंना फोन दिलाय हा धागा वाचायला.

पणजीकर
आम्ही दोन वर्षांमागे गेलेलो. सोय रोमानी म्हणून गल्ली आहे बघा, गुलाबी पिवळी निळी घरं. बायको म्हणाली, एवढे पैसे घालून आपल्या पणजीतलं फोंताईन्हासच बघायला आणलंत का? सिनो-पोर्तुगीज म्हणतात त्या घरांना. म्हणजे तिथेही आमचेच पाहुणे पोचलेले.

इतिहासवेडा
पणजीकर, पोर्तुगीज नावापुरतेच हो. कथिलासाठी ते १६व्या शतकात तिथे जात होते हे खरं, पण ही घरं बरीच नंतरची, १९व्या शतकाची अखेर ते २०व्याची सुरुवात. घाट मलेशियातल्या पेनांगचा. पडवीला तिथे 'न्गो खा खी' म्हणतात, हॉक्किएन या चिनी बोलीत 'पाच फूट'. मूळ नियम सिंगापूरचा, ते वसवणाऱ्या इंग्रज रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेतला: घरापुढे सलग झाकलेली वाट सोडायची. ती पद्धत पेनांगमार्गे फुकेतला आली. आणि ती गुलाबी गल्ली म्हणजे खाणमजुरांच्या काळातली बदनाम वस्ती, अफूचे अड्डे नि बाकी सगळं. आज तिथे केकची दुकानं.

पणजीकर
बायकोला बदनाम वस्तीचं सांगत नाही, तिने तिथे चाळीस फोटो काढलेत.

आजोबा_ऑनलाइन
विषयांतराबद्दल क्षमस्व. ते हिरवे मलम कोणते ? नाव कळेल का ? माझा डावा गुडघा.

निवांत
मी चियांग मायबद्दल लिहिते, लोकल येईपर्यंत जमेल तेवढं. तिथेही रविवारचाच बाजार, थाफे दरवाजापासून सुरू. जुनं गाव चौकोनी, भोवती खंदक, १२९६ मध्ये राजा मेंगरायने वसवलेलं. गर्दी इतकी की आपण चालत नाही, वाहतो. मी एका मावशींशी कानातल्यांवरून घासाघीस करत होते, ऐंशी बाथवर (तिथलं चलन) अडलेलो, आणि अचानक त्या गप्प. उभ्या राहिल्या. मला वाटलं चिडल्या. बघते तर अख्खा रस्ता थांबलेला! कोणाच्या हातात काडीवरचं सॉसेज, कोणाचं पोर कडेवर, सगळे आहेत तिथे स्तब्ध. संध्याकाळचे सहा, भोंग्यावर राष्ट्रगीत. संपलं तशी मावशी खाली बसल्या आणि त्याच आवाजात "एटी". मुकाट्याने ऐंशी दिले.

निवांत
लोकल चुकली. तर पुढे. त्या रस्त्यापासून जवळच चेदी लुआंगचं देऊळ, विटांचा प्रचंड स्तूप, वरचा भाग १५४५ च्या भूकंपात कोसळलेला. तसाच ठेवलाय. संध्याकाळी पायऱ्यांपाशी बसून भिक्षूंचं पठण ऐकलं. पाय दुखणं तिथे थांबलं एवढं सांगते.

रिकामटेकडी
@निवांत कोणती लोकल? मीपण ६.१८ वाली 🙋

निवांत
बदलापूर. महिला डबा, मधला. ये की उद्या.

चार_चपात्या
आम्ही फुकेतला २०२३ च्या ऑक्टोबरात होतो, आणि नेमकं नवरात्र. माझे नऊ दिवस कांदा-लसूण बंद, टेन्शनमध्येच गेले होते. जुन्या गावात शिरलो तर जिथे तिथे पिवळे झेंडे, लाल अक्षर! त्यांचाही नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव चाललेला. चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून, त्यामुळे बहुतेक वेळा आपल्या घटस्थापनेलाच सुरू होतो (२०२४ मध्येही तसंच झालं). आणि त्या उत्सवाच्या जेवणात ('जे' म्हणतात त्याला) मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही! एरवी थायलंडात भाजी मागितली तरी माशाचा सॉस पडतोच. इथे मात्र जुई तुई देवळाबाहेरच्या टपऱ्यांवर मी डोळे मिटून खाल्लं. ह्यांचा चेहरा पडला होता, प्रॉन्स खायला आलेले बिचारे.

सकाळच्या मिरवणुकीत मात्र जाऊ नये असं माझं मत. पांढरे कपडे घातलेली गर्दी छान, पण अंगात आलेली माणसं गालातून सळया आरपार घालून चालतात, वर फटाके. मी पडवीच्या खांबाला धरून उभी. मुलगा म्हणाला, "आई, गळ टोचून घेतात तसंच ना आपल्याकडे जत्रेत?" काय उत्तर देणार.

दोन_घास
बगाड! बरोबर बोलला पोरगा. अंगात येणं सगळीकडे सारखंच. ओ-एव खाल्लंत का? किसलेला बर्फ, जेली, लाल राजमा आणि सरबत. ऐकायला विचित्र, पण दुपारी अडीचच्या उन्हात स्वर्ग. राजमा बर्फावर घालायची कल्पना आपल्याकडे कोणाला सुचली नाही ते बरंच.

सायकलवाला
अयुथया, थायलंडची जुनी राजधानी. शनिवार. बँकॉकहून रेल्वे, तिथे सायकल भाड्याने. बायको नको म्हणत होती. ऊन असं की सीटवर बसवेना. वाट महाथात देवळापाशी झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या वर नको. मी बसलो. उठताना पँट उसवली. उरलेली देवळं शर्ट कंबरेला बांधून. पुढचं विचारू नका.

इतिहासवेडा
ते शहर १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने बेचिराख केलं. इकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे, आणि अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला तेही तेच साल. फुकेतला तर १७८५ च्या ब्रह्मी वेढ्यात दोन बहिणींनी, चान आणि मूक यांनी, बायकांना पुरुषी वेश चढवून सैन्य मोठं भासवलं असं सांगतात. राजाने दोघींना किताब दिले. विमानतळाहून येताना चौकात त्यांचे पुतळे लागतात.

सायकलवाला
माझ्या पँटवरून अहिल्याबाईंपर्यंत. धन्य आहात.

माजघर
मी पाच फुटांच्या पडवीपेक्षा आतल्या चौकासाठी जाईन परत. क्राबी रस्त्यावर थाय हुआ म्हणून संग्रहालय आहे, १९३४ ची चिनी शाळा होती ती. आणि जुन्या घरांत आत गेलं की मधोमध उघडं आकाश, खाली पाण्याची जागा. माझ्या आजोळचा वाडा असाच होता, वाईला. तिथे आता पार्किंग आहे. मी चौकात उभी राहून वर बघत होते तर तिथली मुलगी विचारते, "रेन?" तिला वाटलं मी पावसाचा अंदाज घेतेय.

रिकामटेकडी
आमचापण गेला वाडा 😔 फरशा तरी काढून ठेवायला हव्या होत्या.

नवीन_सभासद_७
मुंबईहून थेट विमान आहे का फुकेतला? आईला न्यायचंय.

पणजीकर
आहे. आईला न्या, पण रविवार धरून जा. आणि घडीचं स्टूल न्या.

आजोबा_ऑनलाइन
मलमाचे कोणीच सांगितले नाही.

कुरकुरीत_कड
आजोबा, डबीवर सगळं थाईत आहे, वाचता येत नाही. वासाला कापूर आणि निलगिरी. त्या म्हातारीने सासूबाईंना तीच डबी देऊन टाकली होती, यांनी बदल्यात पर्समधली आवळासुपारी दिली.

आणि सगळ्यांसाठी सासूबाईंचा निरोप, जसाच्या तसा टाइप करते: "अंड्याचा वास मला पहिल्या घासालाच आला होता. बाहेरगावी असताना असलं काही बोलायचं नसतं."

दोन_घास
🙏🙏 चार खाल्ल्या ना पण!

चार_चपात्या
कडताई, ते पातळ घावनाचं प्रमाण टाका की. माझं तव्याला चिकटतं.

कुरकुरीत_कड
एक वाटी पीठ, सव्वादोन वाट्या पाणी, मीठ. तवा चांगला तापू दे, अर्ध्या कांद्याने तेल पूस. नवरात्रात नारळाची शेंडी.