पद्मिनीची तिकोनी काच काढून अख्खी काच टाकावी का?

रिकामाडबा: बाबांची 1975 ची प्रीमियर पद्मिनी. दर रविवारी काढतो. पुढच्या दारांच्या कोपऱ्यातल्या, फिरणाऱ्या तिकोनी काचांचं रबर पार गेलंय. पावसात मांडीवर थेंब, साठच्या वर शिट्टी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन चकरा मारल्या, धड रबर मिळेना. डेंटर म्हणतो, तिकोनी आणि मोठ्या काचेमधली उभी पट्टी उडवून एकच मोठी काच टाकू. मला पटतंय. दारही सुटसुटीत दिसेल. काय म्हणता?

जुनीखोड: राग नसावा, पण नका करू. ती काच शोभेची नाही हो. गाडीत एसी नाही. काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर, नुसती किलकिली केली की आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. आमच्या काकांच्या सिगारेटचा धूर तिथूनच जायचा. (काकूचा रागही तिथूनच जाता तर बरं झालं असतं.)

सॅनहोजेकर: साफ असहमत. माझ्या 1967 च्या बीटलला अख्खी काच आहे, झकास दिसते. आणि 'मूळ रूप' म्हणजे नक्की कुठलं? 1952 च्या ऑक्टोबरपर्यंत फोक्सवॅगन स्वतःच बीटलला अख्खी काच देत होती, तिकोनी नंतर आली. सत्तरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती परत काढली. कॅमॅरोचंही तेच: 1967 ला तिकोनी काच, 1968 ला शेवरोलेनेच काढून टाकली.

जुनीखोड: काढली, पण बदल्यात डॅशबोर्डमधून वारा दिला ना! पद्मिनीत तो कुठून आणणार?

स्पॅनर१३: वारा राहू द्या. ती पट्टी म्हणजे मोठ्या काचेची पुढची वाट. काढलीत तर काच धरणार कोण? पुढे नवा चॅनेल, म्हणजे काच सरकायची खाच, तोही बिजागरी चुकवून दाराच्या पोटात खोल उतरवावा लागतो. शिवाय काच पुढे वाढली की तोल पुढे जातो. काच वरखाली करणाऱ्या जुन्या मशीनवर ती नाक खाली घालून वर येते आणि तिरकी अडकते. बीटलला काच, चॅनेल, रबर असा तयार संच मिळतो, पद्मिनीला सगळं हाताने करावं लागेल. आणि टफन काच (भट्टीत तापवून कडक केलेली) भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही. आधी साच्याबरहुकूम कापून, कडा घासून, मग भट्टी. डेंटर साधी काच टाकणार असेल तर त्याला हात जोडा. ती फुटली की सुऱ्याच.

कागदीघोडा: गाडीने पन्नाशी गाठलीये. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी, ती 'व्हीए'वाली पाटी, हवी असेल तर गाडी मूळ रूपात लागते.

सॅनहोजेकर: एका काचेने मूळ रूप जातं? चॅसी, बॉडी, इंजिन जागेवर आहे की.

कागदीघोडा: तपासायला येणाऱ्याला हे तुम्ही सॅन होजेहून समजावणार का?

रिकामाडबा: डेंटरला थांबवलंय. त्याला 'टफन' विचारलं तर म्हणाला, "काच ती काच." रविवारी पुण्यात नाना पेठ पालथी घालतो. सॅनहोजेकर, दिसायला तुमचीच भारी, हे मात्र कबूल. स्पॅनरभाऊ, तिकोनीच्या खालची पिन गंजून घट्ट बसलीये. रबर घालायला ती काढावीच लागेल का?

स्पॅनर१३: लागेल. रात्रभर डिझेल सोडून ठेवा. ठोकू नका.