क्रिप्टन फुटणारच आहे, मग कसाही असेना?

लालसूर्य
काल एका महाशयांनी सुपरमॅनच्या जन्मग्रहाबद्दल लिहिलं, "क्रिप्टन कसाही दाखवा, काय फरक पडतो? शेवटी फुटायचाच आहे." खाली २२ जणांनी "सहमत" ठोकलंय. तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून हा धागा.

फरक पडतो. काय गेलं हे कळल्याशिवाय किती रडायचं ते कळत नाही. साठच्या दशकातला क्रिप्टन आठवा. रत्नांचे डोंगर, आगीचा धबधबा, तांबडं जंगल. १९६० च्या 'सुपरमॅन'च्या १४१ व्या अंकात सुपरमॅन काळात मागे जाऊन तिथे अडकतो. शक्ती गेलेल्या, तरी गडी सुखात. तरुण आईबाप भेटतात, लायला लेरॉल नावाची नटी भेटते, तिच्यासोबत तिथेच मरायचीही तयारी होते. आणि एका अपघाताने यान त्याला घेऊन उडतं. त्या अंकानंतर त्याचं एकटेपण मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग १९८६. 'क्रायसिस' या कॉमिक-मालिकेने जुन्या सगळ्या गोष्टींची पाटी पुसली आणि लेखक-चित्रकार जॉन बर्नने सहा अंकांचा 'मॅन ऑफ स्टील' दिला. त्यातला क्रिप्टन म्हणजे शवागार. माणसं एकमेकांना हात लावत नाहीत, मूल यंत्रातल्या गर्भकोशात, आणि पृथ्वीवरचा उघडा शेतकरी बघून लाराला, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मदात्या आईला, किळस येते. असा ग्रह फुटला तर हळहळायचं कुणासाठी? खुद्द सुपरमॅनलाच सहाव्या अंकात सगळं कळतं आणि तो ठरवतो की या वारशाचा आपल्याला काही उपयोग नाही. झालं, सुतक फिटलं.

२०२५ च्या सिनेमाने तर कडेलोट केला. आईबापांच्या निरोपाचा उरलेला अर्धा भाग ऐकला तर काय, "पृथ्वीवर राज्य कर"! म्हणजे क्रिप्टन फुटला ते बरंच झालं म्हणायचं का?

पानभर
ते महाशय मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

१९३८ च्या पहिल्या अंकात त्या ग्रहाला नावसुद्धा नव्हतं. म्हातारपणाने गेला, बाळ यानात, पुढची चौकट. 'क्रिप्टन' हे नाव आलं १९३९ मध्ये. तेव्हाचे क्रिप्टनवासी तिथल्या तिथेच अचाट ताकदीचे होते. पृथ्वीच्या पिवळ्या सूर्यामुळे ताकद येते ही भानगड रुळली १९६० च्या सुमाराला. म्हणजे तुमचा तो रत्नांचा डोंगर हीसुद्धा नंतरची डागडुजीच. तुमच्या लहानपणी झाली ती परंपरा आणि माझ्या लहानपणी झाली ती मोडतोड? आपला तो बाब्या.

आणि एकटेपणाचं नका सांगू. ग्रह फुटूनही त्याची चुलत बहीण सुपरगर्ल वाचली, क्रिप्टो कुत्रा वाचला, कँडॉर हे अख्खं शहर बाटलीत वाचलं, फँटम झोन नावाच्या तुरुंगात क्रिप्टनचे गुन्हेगार खच्चून भरलेले. खानेसुमारीला माणूस नेमावा लागला असता. बर्नने केर काढला एवढंच.

लालसूर्य
केर? १९८५ मध्ये सुपरगर्लला मारली, मग तिच्या नावाने एक कृत्रिम जीव आणून बसवला आणि २००४ मध्ये खरी सुपरगर्ल, कारा, परत आणावीच लागली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

टोकदार
अवांतर: सुपरमॅनच्या छातीवरचा एस परग्रहाचा म्हणतात, तर परग्रहावर इंग्रजी एस कसा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

पानभर
ती १९७८ च्या सिनेमाची कृपा. सुपरमॅनचा जन्मदाता बाप जोर-एल झालेल्या मार्लन ब्रँडोच्या छातीवर घराण्याचं चिन्ह म्हणून एस लावला. पुढे त्याचा अर्थ 'आशा' झाला. बर्नचं याहून सरळ होतं: क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, आणि त्याच्या पृथ्वीवरच्या वडिलांनी घरी बसून चिन्ह आखलं, पृथ्वीवरच्या आईने, मार्थाने, कपडे शिवले.

रात्रपाळी
मुळीच सरळ नव्हतं! जुन्या गोष्टीत यानातल्या ब्लँकेटांची लोकर उसवून मार्था ते कपडे करते. क्रिप्टनचं कापड, म्हणून फाटत नाही. केवढी सुंदर कल्पना! जन्मदात्या आईने गुंडाळलं तेच दुसऱ्या आईने विणलं. बर्नने साधं कापड आणलं आणि केप अंकागणिक फाटू लागली.

पानभर
फाटते म्हणूनच चांगली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी सुपरमॅन झालो होतो. आईने रात्री जागून एस शिवला, उलटा. आरशात बघितल्यावरच तो सुलट दिसायचा. सगळे हसले, मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. ते कापड अजून कपाटात आहे. तेव्हा माझ्यापुरता एस मार्थाच्या सुईतून आलेला आहे. राजघराण्याचं चिन्ह तुम्हाला लखलाभ.

रात्रपाळी
आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण म्हणून ब्लँकेटची गोष्ट खोटी होत नाही.

टोकदार
एस इंग्रजीच का, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दीडशहाणा
तुम्ही लोकांनी मूळ अंक वाचलेत की नुसते व्हिडिओ बघून वाद घालताय? २०१८ मध्ये बेंडिस या लेखकाने रोगोल झार नावाचा कुणी आणला आणि तो म्हणे क्रिप्टन मीच संपवला. त्यावर एक अक्षर नाही? ग्रह फुटणार असं जोर-एल घसा फोडून सांगत होता आणि तिथल्या कारभारी मंडळाने ऐकलं नाही, ही क्रिप्टनची शोकांतिका. त्याचं खुनाचं प्रकरण करून टाकलं. आणि इथे शिवणवर्ग चाललाय!

पानभर
शिवणवर्ग हा शब्द मागे घ्या.

दीडशहाणा
घेतला. रोगोल झारबद्दल मात्र काही मागे घेणार नाही.

लालसूर्य
त्या एका बाबतीत तुम्हाला साष्टांग दंडवत. ग्रह स्वतःच्या मस्तीने गेला पाहिजे, कुणा कुऱ्हाडवाल्याने मारून नव्हे.

गुंडाळी
एरवी फक्त वाचते, आज लिहिते. आजीचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या घराला ती कधी चार खोल्या सांगायची, कधी सहा. अंगणातलं झाड कधी आंब्याचं, कधी चिंचेचं. आजोबांवर राग असला की घर अंधारं, ओल आलेलं. राग नसला की नुसता उजेड. लहानपणी मी तिच्या चुका काढायचे. तपासायला घर कुठे होतं? लालसूर्य, तुमचा रत्नांचा डोंगर आणि बर्नचं शवागार मला एकाच आजीच्या तोंडचे वाटतात.

लालसूर्य
गुंडाळीताई, छान लिहिलंत. पण आजी स्वतः आठवत होती. इथे दर काही वर्षांनी नवा लेखक येतो आणि आधीच्याची आठवणच खोटी ठरवतो. आजीच्या तोंडून शेजारी बोलू लागला तर चाललं असतं?

गुंडाळी
नसतं. पण आता आजी नाही, आणि ते घर मीच सांगते. माझ्या मुलीला मी पाच खोल्या सांगितल्यात.

लालसूर्य
यावर थोडा विचार करावा लागेल. बर्नला माफी नाहीच. फार तर एवढं म्हणेन की ज्याला घर आठवतच नाही अशा माणसाचा सुपरमॅन त्याने लिहिला, आणि तसा माणूस असू शकतो. शवागार ते शवागारच.

पानभर
एवढं कबूल करायला तुम्हाला १९८६ पासून आजवरचा वेळ लागला. अभिनंदन.

रात्रपाळी
ब्लँकेटांचं काय ठरलं मग?

टोकदार
आणि एसचं?