जुनं रिले पॅनल काढायचंय, ट्रिपचं लॉजिक डीसीएसमध्ये टाकावं का?

वाळूज_इन्स्ट्रु:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं सॉल्व्हंट रिकव्हरी आहे, गरम करायला थर्मिक फ्लुइड हीटर, म्हणजे बर्नरवर तेल तापवून पंपानं फिरवणारा. शटडाऊन पॅनल, म्हणजे धोका दिसला की हीटर आपोआप बंद (ट्रिप) करणारं, २५ वर्षांचं, सगळं रिलेवर (विजेवर चालणारे स्विच), ड्रॉइंग एक सांगतं न् आत वायरिंग भलतंच. उन्हाळा लागला की खोट्या ट्रिप सुरू, प्रॉडक्शनवाले मग आमच्यावर उखडतात. साहेब म्हणायलेत डीसीएसमध्ये (रोज प्लांट चालवणारी कंट्रोल सिस्टीम) आयओ, म्हणजे वायर जोडायच्या इनपुट-आउटपुट जागा, शिल्लक हायेत, त्यातच लॉजिक टाका, आणि व्हेंडर एसआयएल ३ (एसआयएल म्हणजे ट्रिप किती भरवशाची त्याची पातळी) च्या खाली बोलायलाच तयार नाही. काय करावं?

पॅनलवाला_जालना:
डीसीएसमध्ये अजिबात टाकू नका भाऊ. ज्या कंट्रोलरच्या बिघाडानं व्हॉल्व्ह उघडा राहिला, तोच कंट्रोलर व्हॉल्व्ह बंद करंल ही आशा कशी धरायची? ट्रान्समीटरसुद्धा (माप घेऊन सिग्नल पाठवणारा) वेगळा पाहिजे. पण नुसतं वेगळं असून भागत नाही. इंग्लंडात बन्सफिल्डच्या तेल डेपोत डिसेंबर २००५ मध्ये टाकीचा गेज अडकला आणि पेट्रोल भरतच राहिलं, वेगळा हाय लेव्हल स्विच होता की, पण त्याच्या टेस्टच्या दांडीला कुलूपच लावलेलं नव्हतं म्हणून तो चाललाच नाही.

रिटायर्ड_मेंटेनन्स:
एसआयएल किती ते व्हेंडरनं ठरवायचं नसतं. आधी हॅझॉप (कुठं काय बिघडू शकतं ते सगळ्यांनी बसून शोधायचं), मग लोपा (आहेत ते बचाव पुरतात का याचा हिशोब), त्यातून प्रत्येक ट्रिपला किती लागतं ते निघतं. एसआयएल २ म्हणजे गरज पडली तर १०० ते १००० वेळांत एखाद्याच वेळी फसायची मुभा, आणि तीही सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण लूपला, एकट्या कंट्रोलरच्या डब्याला नाही. आयईसी ६१५११ या सेफ्टी सिस्टीमच्या स्टँडर्डमध्ये हेच आहे. आम्ही लै महाग सिस्टीम बसवली होती, पहिल्याच प्रूफ टेस्टला (ट्रिप खरंच चालते का ते बघायची चाचणी) सोलेनॉइडनं व्हॉल्व्हची हवा सोडली तरी व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. बघतो तर पेंटरनं ग्लँडसकट स्टेमवर (व्हॉल्व्हची हलणारी दांडी) पिवळा रंग मारलेला, वर्षानुवर्षं उघडाच असल्यामुळं पार चिकटून बसला होता. त्या दिवसापासून मी पैसे आधी फील्डमध्ये, म्हणजे सेन्सर न् व्हॉल्व्हवर घालतो.

पॅनलवाला_जालना:
आणि खोट्या ट्रिपचं म्हणाल तर आधी २४ व्होल्ट सप्लाय बघा. सप्लाय गेला की ट्रिप अशीच ही वायरिंग असते न् ते बरोबरच आहे, पण लाइटनं नुसता डोळा मिचकावला तरी रिले सुटतो. दोन सप्लाय, यूपीएस, आणि टर्मिनल घट्ट करून घ्या. ज्या ट्रिपनं जास्त छळलंय तिथं तीन ट्रान्समीटर, तीनपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिप. नवीन सेफ्टी सिस्टीम घेतली तर कंट्रोलरची चावी रनवर ठेवा न् काढून कुलपात टाका. २०१७ मध्ये सौदीच्या प्लांटमध्ये ट्रायकोनेक्स या सेफ्टी कंट्रोलरची चावी प्रोग्रॅमवरच (लॉजिक बदलता येतं ती जागा) राहिलेली, हॅकर थेट त्यातच घुसले.

वाळूज_इन्स्ट्रु:
आभार सगळ्यांचे. आज पॅनल उघडून एकेक वायर शोधली. थर्मिक फ्लुइडच्या लो फ्लो काँटॅक्टवर (तेलाचा प्रवाह कमी झाला की ट्रिप देणारा) लाल वायरचा जंपर, म्हणजे ती ट्रिप टाळणारा तुकडा, निघाला, टॅग नाही, बायपास रजिस्टरमध्ये (बंद ठेवलेल्या ट्रिपची वही) नोंद नाही. म्हणजे पंप बसला असता तरी बर्नर चालूच, ट्यूबमध्ये तेल जळून कोळसा झाला असता, हातपाय गार पडले माझे. साहेबांना फोटो दाखवून हीटर बंद करायला लावलाय, फ्लो स्विच तपासून जंपर निघेपर्यंत चालू होणार नाही. हॅझॉप सोमवारी, ऑपरेटरलाही बसवतोय. सिस्टीमचं कोटेशन त्यानंतरच मागवणार.