डब्यात काय आहे, आणि तो उघडता कधी?

जळगाव, हिशेबाची नोकरी

मार्चअखेरीच्या गडबडीत आमच्या ऑफिसात रक्त तपासणीचं शिबिर झालं. सात जणांनी रक्त दिलं, चौघांची साखर हद्दीवर निघाली. त्या चौघांत मी, वय ४१. त्या दुपारी सगळ्यांचे डबे पहिल्यांदा नीट पाहिले. नावं ठेवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. पोळी, गिलक्याची भाजी, एकाकडे पोकळा, एकाकडे घट्ट वरण. पण दीडला उघडायचा डबा साडेतीनला उघडत होता. तोवर दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा आणि एक कचोरी पोटात गेलेली असायची. मग डबा अर्धा परत, आणि रात्री दहाला घरी गेल्यावर किंवा घरी जायच्या आधीच ढाब्यावर शेवभाजी. आजी म्हणायची, "दिनभर उपाशी राहस नि रातले बैलनामायक खास." म्हणजे दिवसभर उपाशी आणि रात्री बैलासारखं खाणं. तेव्हा हसायचो.

म्हणून विचारतोय. आपल्या खान्देशात नोकरी-धंदा सांभाळून नीट खाणं कोणाला कसं जमलं? नाही जमलं तरी सांगा. इंटरनेटवरचे तक्ते नकोत, ओट्स आणि ॲव्होकॅडो तर नकोतच.

भुसावळ, मालगाडीवर

२०२२ पासून कागदोपत्री आम्ही 'ट्रेन मॅनेजर'. घरचे अजून गार्डच म्हणतात.

भाऊ, तुमचा दीड वाजता डबा उघडत नाही, आमच्या दिवसाला दीडच नसतो. कॉल रात्री एकलाही येतो, पहाटे चारलाही. कधी बडनेरा, कधी खंडवा, कधी इगतपुरी. अडीच वाजता गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतात आणि पुढे दीड तास सिग्नल मिळत नाही. त्या वेळी भूक नसते, कंटाळा असतो, आणि हात फरसाणाच्या पुडीकडे जातो. दहा वर्षं मी कंटाळाच खाल्ला. वजन ८४ झालं, छातीत जळजळ कायमची.

दोन गोष्टी बदलल्या. फरसाण बॅगेत ठेवणं बंद केलं. जवळच नसलं की रात्री अडीचला ते कुठून आणणार? त्याऐवजी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, तेही मूठभराच्या पुड्या बांधून. शेंगदाण्याचा डबाच नेला तर एका रात्रीत खाली होतो, हे करून पाहिलंय. जेवणाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि कांदा. कळण्याची भाकरी बारा तासांनीही खाता येते, पोळीचं तोवर चामडं होतं.

दुसरं म्हणजे ड्युटीवरून सकाळी सातला आल्यावर ताट भरून जेवायचो आणि आडवा व्हायचो, ते सोडलं. आता एक केळ नाहीतर वाटीभर कढी-भात, मग झोप. उठल्यावर खरं जेवण. वर्षभरात पाच किलो कमी झालं. जळजळ मात्र पंधरा दिवसांतच गेली, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

अमळनेर, शिक्षिका, रोज रेल्वेने अप-डाऊन

कळण्याचा विषय निघालाच आहे तर माझं माप सांगते. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि बेताचं मीठ, गिरणीतून दळून आणायचं. ज्वारी शक्यतो दादर, म्हणजे रब्बीची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि ते उडदात भरपूर असतं, म्हणजे एका भाकरीत दोघांची भरपाई होते. आमच्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण या पिठाची भाकरी खाऊन माणूस दुपारपर्यंत शेतात टिकतो हे माहीत होतं. मला तर वर्गावर टिकायचंय, चाळीस पोरं आहेत.

गाडी सकाळची, त्यामुळे पहाटे पाचला ओटा. रोज पाचला उठून चार पदार्थ कोणालाच जमत नाहीत, जमतात म्हणणारीवर माझा विश्वास नाही. मी उन्हाळ्यात मुगाच्या वड्या भरपूर घालून ठेवते. भाजी नसेल त्या दिवशी वड्यांचा रस्सा. रविवारी संध्याकाळी पोकळा, मेथी, कांद्याची पात निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. धुवायची मात्र करताना, आधी धुतली तर बुधवारी चिखल होतो. पालेभाजी आमच्याकडे स्वयंपाकामुळे नाही, निवडण्याच्या कंटाळ्यामुळे मागे पडत होती.

धुळे, औषधांचा प्रतिनिधी

मोटरसायकलवर शिरपूर, दोंडाईचा, शहादा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि डिक्कीतली भाजी बारा वाजता वास मारते. दोनदा पोट बिघडल्यावर घरचा डबाच सोडला होता. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी वडापाव, संध्याकाळी डॉक्टरांची वाट बघत चहा-बिस्किट. महिनोन्‌महिने.

आईने मार्ग काढला, दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, त्यात पाणी नाही, दिवसभर राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, वाटेत काकडी नाहीतर दोन केळी. ताक रस्त्यावर मिळतं. एवढंच. पोहे-जिलेबी आठवड्यातून एकदा, शनिवारी. शनिवार सोडणार नाही.

धुळे, रुग्णालयात नर्स

दशम्या छान. पण सगळ्यांच्या डब्यात एक गोष्ट कोणी मोजली नाही, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. आता आपलं ताट बघा. कळण्याच्या पिठात मीठ, ठेच्यात मीठ, चटणीत मीठ, बिबड्यात, पापडात, लोणच्यात, शेवेत मीठ. ताकात वरून चिमूट. आमच्या वॉर्डात बीपीचे पेशंट येतात, म्हणतात, "सिस्टर, मी तर भाजीभाकरीच खातो." खरं असतं ते.

स्वतःचं सांगते. नाईट ड्युटीला ठेचा-भाकरी न्यायचे, बीपी १५० च्या घरात गेलं. कळणं आता बिनमिठाचं दळून आणते, ठेचा हवाच तर बोटाच्या पेराएवढा. पहिले आठ दिवस जेवण कागदासारखं लागलं. आता बाहेरचं खारट लागतं. डॉक्टरांची गोळी चालू आहेच, ती भाकरीवर सोडलेली नाही.

रावेर

पुण्यात आयटीत होतो, २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो तो इथलाच झालो. घराला लागून केळीची बाग. भूक लागली की केळ, मीटिंग संपली की केळ. दिवसाला सहा-सात व्हायची, कारण "फळच आहे ना". वर आईचा आग्रह. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्या पोटाला त्याआधीच मिळायला हवं होतं. आता दिवसाला एक, आणि बागेकडे तोंड करून बसत नाही.

जळगाव, चटईच्या कारखान्यात सुपरवायझर

भरताबद्दल कोणी बोललं नाही! वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, तिथवर तेलाचा थेंब नाही. यापेक्षा हलकं काय असणार? पण पुढे फोडणीला वाटीभर तेल ओततात, आणि सोबत पुऱ्या. डिसेंबर-जानेवारीत दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात पार्टी असते. मी हल्ली कच्चं भरीत वेगळं काढून घेतो. कांद्याची पात, ठेचलेली मिरची, दाणे, वरून कच्चं तेल चमचाभर, आणि भाकरी. मित्र चिडवतात. पुरी एक खातो, खोटं कशाला बोलू, दोन खातो.

शेवभाजीला उपाय सापडलेला नाही. तर्री बाजूला काढतो आणि शेवटी भाकरीने पुसून खातो.

धडगाव, आरोग्य सेविका

आमच्या पाड्यांवर ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी हे रोजचं जेवण. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा कार्यशाळेत आम्हाला पडद्यावर बर्टी आणि भगर ही भरडधान्यं दाखवली. शेजारी बसलेली अंगणवाडीताई हळूच म्हणाली, ही तर माझ्या घरी कोठीत आहे. आणि त्याच कार्यशाळेत चहासोबत क्रीमची बिस्किटं. पाड्यावरही आता दुकानात पाच रुपयांची पुडी लटकलेली असते, पोरं भाकर सोडून तिच्या मागे.

माझं जेवण घाट चढण्या-उतरण्यावर अवलंबून. ज्या घरी भेटीला जाते तिथे भाकर विचारतात, मी नाही म्हणत नाही.

चोपडा, बँकेत

सगळं वाचलं. दशम्या आईने केल्या. गार्डभाऊंची भाकरी कोणी केली ते लिहिलेलं नाही. जळगावच्या सात डब्यांचं तर बोलूच नका. डबा निरोगी आहे, पण तो भरणारी पावणेपाचला उठते, स्वतः उभ्याने चहात टोस्ट बुडवून खाते आणि साडेनवाला माझ्यासारखी कॅश काउंटरवर बसते. मला हिमोग्लोबिन ९ निघालं तेव्हा घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. "तू तर सगळ्यांना इतकं चांगलं करून घालतेस!"

भाकऱ्या आता गल्लीतल्या मावशींकडून विकत घेते. सासऱ्यांनी भाजी चिरायचं काम स्वतःहून घेतलं, गंगाफळ ते माझ्यापेक्षा बारीक चिरतात. नवरा वरणाचा कुकर लावतो. आणि मी सकाळी खाली बसून खाते, ताटात, दहा मिनिटं. यातलं काहीही एका दिवसात झालं नाही, दोन भांडणं लागली.

भुसावळ, मालगाडीवर

ताई, घरी वाचून दाखवलं. मंडळी म्हणाली, "मग दाणे तरी तुम्ही भाजा." रात्री एकचा कॉल आहे. कढई ठेवली आहे, पहिला घाणा करपला.